कडक गाडी, मऊ गाडी

गॅरेजमध्ये किस्से का साठतात सांगू? तिथे घाईने येता येतं, पण घाईने कुणालाच जाता येत नाही. गाडी जॅकवर, चाकं जमिनीवर आणि मालक जुन्या टायरवर बसून चहा पितोय. मग बोलण्यावाचून माणूस दुसरं करणार काय!

पनवेलला जुन्या हायवेला लागून सलीमभाईंचं गॅरेज आहे. रविवारी सकाळी आम्ही तिघं तिथे पडीक. मी बँकेतला, कुलकर्णी आयटीतला आणि विकास गव्हाणचा, बंदरावर क्रेन चालवणारा. आमच्यातली खरी गाडी एकट्या विकासकडे. निळी स्पोर्ट्स सेदान. सेकंडहँड, पण अशी राखलेली की तिच्या शेजारून जाताना कुलकर्णी पोट आत घ्यायचा!

त्या गाडीबद्दल कुणी विचारलं की मी हसवणारे किस्से आधी सांगतो. बाकीचे मग आपोआप येतातच.

*

वळणावर गाडी झुकते हे विकासला फार खुपायचं. म्हणून त्याने कॉइलओव्हर मागवले. म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला सेट. फिरवून गाडी हवी तेवढी खाली बसवायची, हवी तेवढी कडक करायची.

कुलकर्णीने तासभर सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी समजावलं. सलीमभाईंनी शांतपणे बॉक्स उघडला, एक स्प्रिंग हातात घेतली, उजेडात धरून फिरवली.

"विकासभाई, चीज एक नंबर आहे. फक्त आधी रोड मागवायला पाहिजे होता!"

*

बसवल्या दिवशीच गाडी गव्हाणच्या स्पीडब्रेकरवर अडकली. पोट टेकलं, धड पुढे जाईना, धड मागे येईना. विकास खाली वाकून बघतोय, पोरंटोरं जमलीत, आणि तेवढ्यात त्याचे बाबा आले.

बाबांची सगळी हयात खाडीत आणि समुद्रात गेलेली. पण विकासची आई गेली आणि त्यांनी होडी विकून टाकली. दिवसभर ओट्यावर बसायचे. कुणाशी बोलायचं नाही, विचारलं तर मान हलवायची, एवढंच.

ते गाडीभोवती एक चक्कर मारून आले. मागे हात बांधून म्हणाले, "होडी रुतली तं आमी भरतीची वाट बगतो. हिला भरती कवा यायची?"

सगळा रस्ता हसला. विकास मात्र हसला नाही. त्या रविवारी मला म्हणाला, "बाबा किती महिन्यांनी एवढं लांब वाक्य बोलला रे!"

*

मग विकासने ठरवलं, बाबांना फिरवायचं. नेरे गावाच्या पुढे डोंगराकडे जाणारा रस्ता सकाळी मोकळा असतो. बाबा पुढे, मी आणि कुलकर्णी मागे.

पहिल्या वळणाला बाबांनी दरवाजाचं हँडल घट्ट धरलं. दुसऱ्याला सोडलं. तिसऱ्याला म्हणाले, "भलती चिकटून चाललीय रं! दाब अजून!"

कुलकर्णीचा चेहरा हिरवा. "बाबा, पुरे ना आता."

"तुमी उतरा. आमी जाऊन येतो!"

आणि खरंच आम्हा दोघांना एका चहाच्या टपरीवर सोडून बापलेक निघून गेले! परत आले तेव्हा बाबांच्या तोंडाचा पट्टा चालू होता. वाऱ्यात होडी कशी वळवायची, विकासची आई लग्नानंतर पहिल्यांदा होडीत बसली तेव्हा कशी किंचाळली होती. विकास दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून नुसता ऐकत होता. इंजिन बंद केलं तर बाबा थांबतील, अशी भीती वाटत असावी. बराच वेळ त्याने ते बंदच केलं नाही.

त्यानंतर दर रविवारी बाबा आधी गाडीत, मग विकास.

*

पावसाळा संपता संपता बाबांची पाठ धरली. दोष अर्थात गाडीला! कुलकर्णी म्हणाला, "मी सांगत होतो, एवढं कडक नको." मीही सुरात सूर मिसळला. सलीमभाईंनी मागचे शॉकअप थोडे सैल करून दिले. बाबांना मात्र ते पटेना. "गाडीला बोल लावू नका. वय हाय माजं."

पाठदुखी थांबेना. मग तपासण्या झाल्या.

विकास गॅरेजमध्ये आला तेव्हा आम्ही नेहमीसारखे टायरवर बसलो होतो. तो उभाच राहिला. म्हणाला, "कॅन्सर आहे. मणक्यात उतरलाय."

कुलकर्णी बिचारा उगाच बोलून गेला, "म्हणजे... गाडीमुळे नाही."

"डॉक्टर म्हणाले, गाडीचा काही संबंध नाही," विकास म्हणाला. "संबंध असता तर बरं झालं असतं रे. काढून फेकली असती."

*

गाडी नाही, पण तो कडक सेट त्याने तरीही काढला. उपचारांना सारखं गव्हाणहून पनवेलला आणायचं आणि प्रत्येक खड्ड्याला बाबा दात आवळायचे. सलीमभाईंनी मूळ स्प्रिंग्ज पोटमाळ्यावर जपून ठेवल्या होत्या, त्या खाली काढल्या. सेट उतरवताना विकास तिथे थांबला नाही. बाहेर रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी बाबांना घ्यायला मी पण गेलो होतो. आम्ही त्यांना हळूच बसवलं, पाठीला उशी दिली. गाडी गल्लीबाहेर पडली नाही तोच बाबा म्हणाले, "कोनाची गाडी आनलीस?"

"आपलीच आहे, बाबा."

"नाय. ही टॅक्सी हाय!"

विकास म्हणाला, "तुझ्यासाठी मऊ केली. दुखत होतं ना तुला."

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. हॉस्पिटलचं गेट आलं तेव्हा पुटपुटले, "दुकायचं तं दुकायचं. त्या गाडीत मी म्हातारा नवतो रं."

*

शेवटचा किस्सा. हा मी सहसा सांगत नाही.

बाबा दुपारी गेले, हॉस्पिटलमध्येच. कागदपत्रं झाली, अॅम्ब्युलन्स दारात लागली. विकास ड्रायव्हरला हात जोडून म्हणाला, "दादा, तुम्ही जा. माझ्या गाडीतनं आला, माझ्याच गाडीतनं नेतो." नातेवाईक समजावून थकले. ऐकेना.

मागच्या सीटवर बाबांना निजवलं. अंगावर गळ्यापर्यंत चादर. डोकं माझ्या मांडीवर. कुलकर्णी पुढे बसला. विकासने एसी लावला आणि निघाला.

उरण रोडला कंटेनरच्या ट्रेलरांची रांग आणि पुढे नाकाबंदी. खाली बसलेल्या, आवाज करणाऱ्या गाड्यांना त्या आठवड्यात बाजूला घेत होते. आमची आता तशी नव्हती, पण निळा रंग आणि रुंद चाकं बघून हवालदाराने हात केला. काचेवर टकटक केली. जाडजूड माणूस, दिवसभर उन्हात उभा, आवाज चढलेला.

"कुठे निघालात? लायसन्स दाखवा! आणि मागे कोण झोपलंय?"

कुलकर्णीने माझ्याकडे बघितलं. मी बाबांचं डोकं दोन्ही हातांनी सावरून धरलं.

विकासने काच खाली केली.

"बाबा आहेत माझे, साहेब. खूप दिवसांनी डोळा लागलाय. जरा हळू बोला ना."

हवालदार वाकला. त्याने बाबांकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं, मग विकासकडे. लायसन्स त्याने घेतलंच नाही.

रस्त्यात आडवं लावलेलं लोखंडी बॅरिकेड हे लोक एरवी फरफटत बाजूला ओढतात, केवढा आवाज होतो त्याचा. तो चालत गेला, दोन्ही हातांनी ते उचललं आणि अलगद कडेला नेऊन ठेवलं.