बायांची शर्यत दाखवतच नाहीत

माझा भाऊ पुण्यात एका सायकलच्या दुकानात मेकॅनिक आहे. तिथं येणाऱ्या गिऱ्हाइकांमुळे त्याला परदेशातल्या सायकल शर्यतींचं वेड लागलं आणि त्यानं ते फोनवरून माझ्या गळ्यात बांधलं. गुलाबी बोंडअळीनं आमची कपाशी खाल्ली, त्या हंगामातली ही गोष्ट. बीटी बियाणं पहिल्यांदा आलं तेव्हा आता अळीची चिंता मिटली असं गावात जो तो सांगत होता. त्या वर्षी मात्र बोंड फोडलं की आत कापूस कमी आणि किडीची घाण जास्त. फेब्रुवारीच्या शेवटी वेचायला काही उरलंच नव्हतं, म्हणून आम्ही पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटत होतो. हात सोलून निघाले होते आणि त्यात भावाचा फोन.

"ताई, आज बायांची शर्यत आहे. बेल्जियमची. हंगामातली पहिली. पाहाच."

मी पाहिली आणि फसले. आवडली म्हणून फसले असं नाही, चीड आली म्हणून फसले. पुरुषांची शर्यत भर दुपारपासून दाखवत होते. ते जेवतात कधी, पाणी पितात कधी, रस्त्याकडेला थांबतात कधी, सगळं. बायांची शर्यत मात्र एका ओळीत लिहून येई: 'तिघी पुढे निघाल्या.' कोण तिघी? किती पुढे? विचारायचं नाही. मग एकदम चित्र सुरू व्हायचं तेव्हा शर्यत संपत आलेली. सिनेमाच्या शेवटच्या मारामारीला थिएटरात सोडावं तसं.

आमचं गाव देऊळघाटपासून जवळ. घरात बोलण्यापुरता फोन लागतो, नेट नाही. चित्र दिसतं ते बुद्धविहाराच्या ओट्यावर, तेही फोन एका कोपऱ्यात खांबाला टेकवून ठेवला तर. मी तिथं संध्याकाळी शेंगा निवडायच्या निमित्तानं बसायची. येणारा जाणारा डोकावायचा. "काय आहे?" "शर्यत." "पैसे लागले का तुमचे?" "नाही." "मग काऊन पाहता?" तेच पुन्हा पुन्हा विचारलं की डोकं तापायचं.

मार्चात इटलीतली शर्यत होती. पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवरची. त्या दिवशी तिकडे पाऊस पडत होता आणि रस्त्यांचा चिखल झाला होता. सायकलीवरच्या बाया कपाळापासून पायापर्यंत माखलेल्या. मी बघण्यात गुंग होते, तेवढ्यात सासूबाई मला हाक मारत ओट्यावर आल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते.

"काय पाहून राह्यली वं? पीठ तसंच पडलं घरी."

"सायकलची शर्यत आहे, आत्याबाई. इटलीतली."

त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला. "ह्या बाया हायेत?"

"हो."

"इतक्या चिखलात काऊन चालल्या मग?"

"शर्यत आहे म्हणून."

"घरी यायले कोणी इचारत नाई का?"

मी सरकून जागा केली. त्या बसल्या. एक बाई एकटीच पुढे निघाली होती, शहराच्या उभ्या गल्लीच्या दिशेनं. आत्याबाईंचा श्वास तिच्यासोबत वरखाली होत होता हे मला ऐकू येत होतं. ती गल्लीच्या तोंडाशी आली आणि चित्र अडकलं. नुसतं गोल फिरत राहिलं. मी फोन खांबाच्या ह्या बाजूला धरला, त्या बाजूला धरला, ओट्यावर उभी राहून वर धरला. चित्र आलं तेव्हा त्यात पुरुष होते. आरामात गप्पा मारत चाललेले.

"थे बाई कुठं गेली?" आत्याबाई म्हणाल्या.

"पोचली असेल."

"पोचली असन म्हंजे? इतका येळ कायले बसलो मंग आपण?"

त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि तापलेल्या पोराला हलवावं तसा हलवला. एवढ्यात भावाचा मेसेज आला, जिंकलेल्या बाईच्या फोटोसकट. त्याला हजारदा सांगितलं होतं की आधी निकाल पाठवू नकोस. तो पाठवायचाच.

त्यानंतर मला एकटीनं कधी बघायला मिळालं नाही. शनिवार-रविवार आला की आत्याबाई पऱ्हाटी उपटता उपटता विचारायच्या, "आज हाय का?" त्यांना नावं उच्चारता यायची नाहीत, म्हणून त्या बायांना कपड्यांच्या रंगावरून ओळखायच्या. एक जांभळीवाली त्यांची आवडती होती. ती जिंकायची नाही, पण दर शर्यतीत दुसऱ्या कुणासाठी तरी पुढे राबायची, वारा अंगावर घ्यायची आणि शेवटी मागे पडायची. मी समजावून सांगितलं की हे तिचं कामच आहे, संघातल्या दुसरीला जिंकवायचं. आत्याबाईंना ते पटलं नाही. "अन् तिनं कवा जिंकाचं?" हे त्यांनी मला इतक्या वेळा विचारलं की जणू संघ मीच चालवत होते.

माझे यजमान वैतागलेले होते. बोंडअळीच्या पंचनाम्यासाठी बुलढाण्याला खेटे घालायचे, साहेब नाहीत म्हणून परत यायचे, आणि घरी आले की चूल थंड. एकदा ते सरळ ओट्यावरच आले.

"कपाशी गेली, अन् तुमी दोघी बेल्जियम पाहून राह्यल्या?"

"बेल्जियम नाई पाह्यलं तर कपाशी येते का वापस?" आत्याबाई फोनवरून नजर न काढता म्हणाल्या.

ते तिथंच पायऱ्यांवर बसले. त्या माणसाचा चेहरा इतका दमलेला होता की मी शर्यत सोडून उठले आणि घरी जाऊन भाकरी टाकल्या. रागही आला होता. त्यांचा आला, आत्याबाईंचा आला, आणि शर्यत संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळीच ठेवणाऱ्या त्या देशांचाही आला.

पुढच्या वर्षी पाऊस कमी झाला. कपाशी गुडघ्याएवढी वाढली आणि थांबली. फेब्रुवारी संपत आला तशा आत्याबाई पुन्हा विचारायला लागल्या. हंगामातली पहिली शर्यत लागली आणि त्यांनी सगळा घोळका न्याहाळला.

"माह्यी जांभळीवाली कुठं हाय?"

मी भावाला फोन करून विचारलं. ती दुसऱ्या संघात गेली होती. आता तिचे कपडे पांढरे होते, आणि तसेच पांढरे आणखी दोन संघांचे होते. हे मी आत्याबाईंना सांगितलं तेव्हा त्या मला म्हणाल्या, "तू नीट इचारलं नाई त्याले."

पण त्या दिवशीची खरी गोष्ट नंतर कळली. भावानं एक छोटा व्हिडिओ पाठवला. शर्यतीत एक बाई सगळ्यांच्या पुढे एकटी निघाली होती. पुरुषांची शर्यत त्याच रस्त्यावर थोडी आधी सुटली होती. ही इतकी जोरात गेली की पुरुषांच्या मागून चालणाऱ्या गाड्यांपर्यंत पोचली. म्हणून तिला थांबवलं. ती रस्त्यात एक पाय टेकवून उभी होती. मागच्या बायांनाही थांबवलं, आणि पुरुष पुढे जाईपर्यंत सगळ्या तिथंच. नंतर शर्यत पुन्हा सुरू झाली, पण तिच्या पायातला जोर गेला आणि ती कुठल्या कुठे मागे पडली.

मी हे आत्याबाईंना सांगितलं तेव्हा आम्ही पऱ्हाट्यांचे भारे बांधत होतो. त्यांनी हातातली दोरी खाली टाकली.

"थांबवली? काऊन?"

"पुरुषांच्या गाड्या लागल्या म्हणून."

"मंग त्यायले म्हणाचं ना, पुढं पळा. तिले काऊन थांबवाचं? तिचा काय गुन्हा?"

त्यांनी मलाच धारेवर धरलं. घरी येईपर्यंत त्या बोलतच होत्या. रस्त्यात भेटलेल्या दोघा-तिघांना त्यांनी ती हकिकत सांगितली, आणि त्यांना काहीच कळलं नाही म्हणून त्यांच्यावरही त्या चिडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मुलीची शाळेतून मिळालेली सायकल त्यांनी अंगणात आणून उभी केली. "मले शिकव."

त्यांचं वय तेव्हा पंचावन्नच्या पुढे. कंबर कापूस वेचून वेचून वाकलेली. मी नको म्हटलं, यजमान नको म्हणाले. शेवटी रविवारी शाळेच्या मैदानावर मी सीट धरून मागे पळत होते आणि त्या हँडल एखाद्या मारक्या बैलाचं शिंग धरावं तसं धरून ओरडत होत्या, "सोडू नको! सोडू नको वं!" मी सोडत नव्हते. मी सोडत नाही म्हणून त्या घाबरत होत्या, आणि सोडलं की पडत होत्या, आणि पडल्या की दोष माझा. असे कितीतरी रविवार गेले. कोपर फुटलं, लुगडं साखळीत अडकून फाटलं. मग त्या माझी जुनी सलवार घालून आल्या. तेव्हा गावानं जे बोलायचं ते बोलून घेतलं.

त्या शिकल्या, पण सरळच. वळण त्यांना कधीच जमलं नाही. वळायचं असलं की उतरायचं, सायकल दोन्ही हातांनी उचलून फिरवायची आणि पुन्हा बसायचं. मी शंभरदा दाखवलं की अंग थोडं झुकवा, हँडल आपोआप वळतं. "तू वळ," त्या म्हणायच्या. शेताचा रस्ता बराचसा सरळ आहे, तेवढं नशीब. ऑटोची वाट पाहणं मात्र त्यांनी सोडलं ते कायमचं. त्या मला मागे चालत सोडून पुढे निघून जायच्या, आणि मी पोचले की विचारायच्या, "इतका येळ कायले लागला?"

नंतरच्या मार्चात मी सगळी तयारी केली होती. नवा फोन घेतला होता, भावाला निकाल न पाठवण्याची शपथ घातली होती. आणि आजार आला. पांढऱ्या मातीची शर्यत रद्द झाली, मग सगळंच बंद झालं. विहाराच्या ओट्यावर बसायलाही मनाई. आत्याबाईंना पटेना. उघड्या रस्त्यावर, एकटीनं, वाऱ्यात चालवायच्या सायकलीनं रोग कसा पसरतो, हे त्या मला रोज विचारायच्या.

ऑगस्टमध्ये भावाचा फोन आला. राहिलेली शर्यत आज आहे. मी धावत शेतात गेले. पाऊस झाला होता, तण कपाशीच्या वर गेलं होतं, आणि आत्याबाई तासात, कपाशीच्या दोन ओळींमध्ये, बसून खुरपत होत्या.

"आत्याबाई, आज पांढऱ्या मातीची शर्यत आहे!"

त्यांनी मान वर केली. कपाळावर चिखल होता.

"आज? निंदणाच्या दिवसात?" त्या म्हणाल्या. "काही अक्कल हाय का त्या लोकायले?"

मी समजवायला लागले की त्यांचाही नाइलाज झाला असेल. त्यांनी ऐकून घेतलं नाही. एक खुरपं माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "त्या तासाले लाग."