कानबाईच्या बोटाची खूण

तीन वर्षं मी त्या खुणेला हळद लागू दिली नव्हती. माझ्या उजव्या कानाच्या वर, केसांत, जन्मापासून बोटभर पिवळसर, खरबरीत डाग होता. घरात त्याला आमच्या खानदेशी देवीच्या, कानबाईच्या बोटाची खूण म्हणत. तिला पातं लावायचं नाही असा नेम होता. जावळाच्या वेळी वस्तराही वळसा घालून गेला. दर श्रावणात घरी कानबाई बसली की माझी थोरली काकू, आमची अक्का, अंगठ्याने त्यावर हळद लावायची. पुढे मी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं लिहू लागले आणि खुणेवर केस ओढून घेतले. देवी आहे की नाही, हेच तेव्हा मला कळेनासं झालं होतं.

गेल्या श्रावणात कंगव्याला रक्त लागलं. कंगव्याचा दात लागला असेल म्हणून मी सोडून दिलं. वडिलांच्या आग्रहाने जळगावहून नरडाण्याजवळच्या आमच्या गावी गेले, तेही पिशवीत पत्रकं घेऊन. रोटांच्या, म्हणजे कानबाईच्या प्रसादाच्या पंगतीआधी अक्काने मला पाटावर बसवलं. भांडायचं ठरवून आले होते, पण तिचा हात डोक्यावर आला आणि मान आपोआप झुकली. अंगठा खुणेवरून फिरता फिरता थांबला.

"हाई गाठ पहिले नव्हती."

"फोड असेल, अक्का."

"सारा गावले शिकाडस, सोतानं डोकं देखस नही. सकाये धुळाले चाल."

दुसऱ्या दिवशी विसर्जन होतं. कानबाई डोक्यावर घेऊन नदीवर जायचा मान अक्काचा, लग्न होऊन आल्यापासूनचा. तो तिने धाकट्या जावेला दिला आणि माझ्याबरोबर एसटीत बसली.

धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की ही जन्मखूण स्वतः निरुपद्रवी असते. पण मोठेपणी कधी कधी तिच्यात दुसऱ्या गाठी उगवतात. बहुतेक साध्या, एखादी वाईट. अख्खी खूण काढून तपासायला हवी. "देवीची खूण आहे ती," मी पुटपुटले. मी, पत्रकं वाटणारी.

अक्का शांतपणे म्हणाली, "खूण देखाकरता ऱ्हास, झाकाकरता नही. काढा, डागदरीणबाई."

तपासणीत एका कोपऱ्यात कॅन्सरची सुरुवात सापडली. ती मुळासकट निघाली होती. पुढे उपचार लागले नाहीत. वर्षानुवर्षं ती जागा ओळखणारा अंगठा नसता, तर मी कंगव्यालाच दोष देत बसले असते.

मी अजूनही पत्रकं लिहिते. नव्या पत्रकाच्या माथ्यावर अक्काचं ते खुणेचं वाक्य आहे, आणि ते मी ताठ मानेने वाटते. तो अंगठा कोणी थांबवला, यावर मात्र मी कोणाशी वाद घालत नाही. हात जोडते. आपलं डोकं विश्वासाने कोणाच्या तरी हाती देणं, एवढीच शरणागती मला कळली आहे.

यंदा केस बारीक कापून गेले. पाटावर बसले, मान स्वतःहून झुकवली. अक्काचा हळदीचा अंगठा व्रणावरून फिरला. कुठेच थांबला नाही.