चुकलेल्या अकरा खुर्च्या

मार्चमध्ये सिंगापूरला गेले ती फिरायला नव्हे, मुलीला ताळ्यावर आणायला. मुक्ता तिथे जुरोंग आयलंडवर रसायनांच्या कारखान्यात इंजिनिअर. आता म्हणे राजीनामा देऊन पुण्यात लाकडी फर्निचर करायला शिकणार. नोकरी सुटली की तिथे राहायचा पासही जाणार, म्हणजे परतीचे दोर कापलेले.

दोन दिवस बुकित पंजांगच्या तिच्या फ्लॅटमध्ये भांडलो.

"सुतारकाम करायला इंजिनिअर झालीस?"

"आई, उद्या एक प्रदर्शन बघ. मग हवं तेवढं बोल."

एका इटालियन वास्तुकाराचं आयुष्य मांडलं होतं. जाणार असाल तर तिकीट आधी ऑनलाइन काढा आणि शाल न्या. आतला एसी हाडं गोठवतो. आधी एलआरटी ही छोटी गाडी, मग एमआरटी ही मेट्रो, तासभर धरा.

पहिल्या दालनात त्याच्या वडिलांच्या कारखान्यातले रंधे आणि होडीच्या वाकवलेल्या फासळ्या. पुढे त्याने बांधलेल्या वाचनालयाचं छत खऱ्याएवढं उभं केलेलं. मान वर केली आणि पाय थांबले. उलटी होडीच! बापाचं काम याने आयुष्यभर डोक्यावर धरलं होतं.

शेवटच्या दालनात त्याची गाजलेली खुर्ची. तिच्याआधी ओळीने चुकलेल्या अकरा. प्रत्येकीवर त्याच्या हातची चिठ्ठी: काय चुकलं.

मी तीस वर्षं गणित शिकवलं. चुकलं की पान फाडायचं, नव्याने लिहायचं, हा माझ्या वर्गाचा नियम. मुक्ताच्या वह्याही अशाच बारीक होत जायच्या. इथे एका माणसाने आपली एकही चूक फेकली नव्हती. नकळत सातव्या खुर्चीवर हात टेकला.

"आंटी, कॅनॉट टच लाह!" राखणदार बाई ओरडली.

"बरं झालं," मुक्ता हसली. "तुलाही कुणी दटावणारं भेटलं."

जेवायला हॉकर सेंटर, म्हणजे एका छताखाली खाण्याच्या टपऱ्या. शाकाहारी असाल तर रश्शात मासळी नाही ना, हे विचारूनच घ्या. मी नूडल्स संपवल्या.

"आई, बोल ना. देऊ राजीनामा?"

"दे. पण चुकलेलं फेकायचं नाही. माझ्याकडे आणून ठेवायचं."



आता पुण्यात माझ्या हॉलमध्ये तिचं पहिलं स्टूल आहे. डुगडुगतं. येणारे जाणारे पायाखाली कागदाची घडी घालायला सुचवतात. मी घालू देत नाही. खाली तिच्या अक्षरातली चिठ्ठी आहे: डावा पाय आखूड.

मी पट्टीने मोजून पाहिला. बरोबर आहे. चिठ्ठीवर लाल पेनाने सही केली.