गोष्टीला लागणारी खाष्ट बाई

शैलाकाकूंना सहसा कशाची किळस येत नाही. सिंगापूरला टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये वीस वर्षं खाणावळ चालवून त्यांनी नव्याने आलेल्या मराठी पोरांना जेवू घातलं. कुणाचे आठवडाभराचे मोजे, कुणाची ओकारी, सगळं निस्तरून झालंय. पण त्या रविवारी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसून त्यांना अक्षरशः किळस आली.

सत्कार होता निहार रहाळकरचा. मांजरांच्या खाण्याची मोठी कंपनी, जुरोंग ईस्टला ऑफिस, आणि जिथे एक गाडी घेणंही महाग त्या सिंगापुरात दारात दोन-दोन गाड्या! शाल-नारळ झाला की सगळ्यांत वडीलधाऱ्या बाईने ओवाळायचं, ही मंडळाची पद्धत. म्हणून तबक काकूंच्या मांडीवर. हौसेने ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या बिचाऱ्या. का नाही येणार? बारा वर्षांपूर्वी याची नोकरी गेली, कामाचा परवाना रद्द झाला, देश सोडायला महिना उरला, तेव्हा बॅग घेऊन हा त्यांच्याच दारात उभा होता. काकूंनी त्याच्यासाठी स्टोअररूम रिकामी केली. ताप चढला तेव्हा मऊ भात भरवला. वर हा पठ्ठ्या इमारतीखालचं एक लूत लागलेलं मांजर उचलून घेऊन आला. तेव्हा सरकारी फ्लॅटमध्ये मांजर पाळायला बंदी होती, तरी काकूंनी तेही लपवून ठेवलं. बांगड्याची डोकी आणि लाल भोपळा एकत्र उकडून त्याला घालायच्या त्या काकूच. आज त्याच खाण्याची पाकिटं दुकानोदुकानी दिसतात.

पाकिटावर नाव वगैरे काकूंना नकोच होतं. माइकवरून एक वाक्य ऐकायचं होतं, की या बाईने मला सांभाळलं. बस.

"टॅम्पिनीसला मी एका खाणावळवालीकडे राहायचो," निहार डोळे टिपत म्हणाला. "अशी खाष्ट बाई! शिळा भात वाढायची. झुरळांच्या खोलीत झोपवायची. माझं म्हणावं असं एक मांजर तेवढं होतं, त्यालाही लाथा घालायची."

सगळा हॉल हळहळला. अहो, टॅम्पिनीसमध्ये तेव्हा मराठी खाणावळी होत्या किती? एकच!

टाळ्या घेत तो खाली आला, वाकून काकूंच्या पाया पडला आणि उठताना कानाशी कुजबुजला, "राग मानू नका हं काकू. गोष्टीला कुणीतरी वाईट लागतंच. नाहीतर लोक ऐकत नाहीत."

शी! ज्या पायांना हात लावला, ते पाय धुऊन टाकावेत असं काकूंना झालं.

"आता शैलाकाकू ओवाळतील," अध्यक्ष मनोहरराव म्हणाले. काकू स्टेजवर चढल्या. तबक टेबलावर ठेवलं आणि मनोहररावांच्या हातातला माइक घेतला.

"ती खाष्ट बाई मीच. निहार, आता सगळ्यांसमोर सांग, मी तुला शिळं कधी वाढलं?"

निहारचा चेहरा पडला, पण क्षणभरच. लगेच त्याने काकूंना मिठी मारली. "बघा, दरारा अजून तसाच!" हॉल खो-खो हसला. मनोहरराव म्हणाले, "काकू, हसा की जरा, फोटो काढतोय."

काकूंनी समोर पाहिलं. निदान चाळीसजण त्यांच्या हातचं जेवलेले होते. तिसऱ्या रांगेत अंकुर, गेली चार वर्षं रोज त्यांच्याकडे जेवणारा. त्याने डोकं मोबाइलमध्ये खुपसलं. एक माणूस उठला नाही. उलट निहारबरोबर सेल्फी काढायला रांग लागली. काकू न ओवाळताच उतरल्या आणि चालू लागल्या.

लिफ्टपाशी अंकुर धावत आला. "काकू, फारच केलं हो त्याने. तुम्ही नका मनाला लावून घेऊ." मग जरा घुटमळून, "उद्या डबा आहे ना?"

काकूंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"जेवायला बरं तोंड उघडतं रे तुझं? मघाशी काय दातखीळ बसली होती?"

काकू लिफ्टमध्ये शिरल्या आणि दार मिटलं. दुसऱ्या दिवसापासून काकू एकटीपुरतंच शिजवतात.