दादाचे व्हॉइस मेसेज

दादाला जाऊन आज एक वर्ष झालं.
त्याचा आवाज जाऊन पावणेदोन.

त्या आवाजाकडे दुर्लक्ष करणारी मीच होते. आज लिहून टाकते.

जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी: प्रदीपदादा, माझा मोठा भाऊ. घोलवडला आमची छोटी नर्सरी. चिकूची कलमं, थोडी आंब्याची, थोडी फुलझाडं. गिऱ्हाईक म्हणजे आसपासचे बागायतदार आणि रस्त्यात गाडी थांबवणारे टुरिस्ट.

२०१५ मध्ये मी नर्सरीचं पेज काढलं. सरावलीच्या माझ्या घरून रोज स्कूटीवर नर्सरीत जायचे, फोटो काढायचे, टाकायचे. लाईक यायचे. ऑर्डर नाही.

मग एकाने इनबॉक्समध्ये विचारलं, कलमाची पानं पिवळी पडतायत, काय करू.

दादाचे हात मातीचे. म्हणाला, टाइप कोण करणार, फोन धर इकडे. आणि बोलला. पाणी किती, खत कधी, मुळाशी काय बघायचं, सगळं. शेवटी म्हणाला, "घाबरू नका, जगेल ते."

त्या माणसाने तो व्हॉइस मेसेज आपल्या गावच्या शेतकरी ग्रुपवर टाकला.

पुढच्या आठवड्यात फोन थांबेना.

दोन वर्षांत आमची कलमं पार नांदेडपर्यंत गेली. वलसाड-नवसारीवाल्यांशी दादा गुजरातीत बोलायचा. लोक रोपाचा भाव नंतर विचारायचे, आधी म्हणायचे, दादांना बोलायला सांगा.

मी खूश. सकाळी त्याच्या हातात यादी द्यायचे, आज इतक्यांना उत्तर दे. तो रोपांच्या रांगेत उकिडवा बसून एकेकाशी बोलत राहायचा. समोर माणूस बसलाय असं.

२०१७ च्या जूनमध्ये त्याचा आवाज बसला.

ऐन सीझन. वहिनी म्हणाली, डहाणूला डॉक्टरांना दाखवून या. मीच म्हटलं, सर्दी असेल, ऑगस्ट संपू दे. गरम पाणी पी आणि बोल.

तो बोलत राहिला. घोगरा, अडखळत.

जुलैत सांगलीच्या एका ताईंचा मेसेज आला. आदल्या वर्षी त्यांनी आमच्याकडून कलमं नेली होती, अधूनमधून काही विचारायच्या. त्यांनी लिहिलं होतं, "दादांचा आवाज दर वेळी जास्त खराब वाटतोय. माझ्या वडिलांचा असाच झाला होता. प्लीज घसा तपासून घ्या. थांबू नका."

मी हात जोडलेला इमोजी टाकला. "धन्यवाद ताई" लिहिलं.

आणि खालची ऑर्डर उघडली.

दसऱ्यानंतर गेलो डॉक्टरांकडे. त्यांनी मुंबईला पाठवलं. घशाचा कॅन्सर. स्वरयंत्र काढावं लागलं.

मुंबईचे डॉक्टर म्हणाले, तीन-चार महिने आधी आला असतात तर...

दादा गळ्याला भोक घेऊन घरी आला. पुढच्या सीझनसाठी पेजवर मेसेज सुरूच. दादांचा आवाज पाठवा. दादा एका बोटाने टाइप करायचा, दोन ओळींना अर्धा तास. लोकांना वाटलं पेज दुसऱ्याच कोणी घेतलं. एकाने खाली "फेक" अशी कमेंट टाकली.

मी म्हटलं, आजाराचं पेजवर सांगून टाकू या.

त्याने टाइप करून फोन माझ्यापुढे धरला. "नको. दया येऊन कोणी झाड घेऊ नये."

ऑर्डर कमी होत गेल्या. मेमध्ये गाठ परत आली. आता काही करण्यासारखं नाही, डॉक्टर म्हणाले.

शेवटच्या दिवसांत एका दुपारी मी त्याच्या खाटेपाशी बसून तो सांगलीचा मेसेज उघडून दाखवला. वर्षभर कोणाला सांगितलं नव्हतं. म्हटलं, दादा, त्यांनी मला कळवलं होतं. मी वाचलं आणि पुढे गेले.

त्याने फोन घेतला. खूप वेळ टाइप करत होता.

"तुझ्याआधी मी वाचलेला. पेज माझ्या फोनवर पण आहे ना. दोन दिवस झोप नव्हती. बिडी सोडून दहा वर्षं झाली, आपल्याला काय होणार, असं मनाला समजावलं. घाबरलो होतो गं. तू आधीच ऑगस्ट म्हणाली होतीस, त्याचंच बरं वाटलं."

मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. नाही वाटलं.

एका नर्सरीत, दहा पावलांवर बसून, आम्ही दोघांनी तोच मेसेज वाचला. आणि दिवसभर कलमांबद्दल बोललो.

आठ दिवसांनी तो गेला.

नर्सरी आता वहिनी आणि मी चालवतो. पेज चालू आहे. कोणी काही विचारलं तर मी टाइप करून उत्तर देते.

तुमच्या घरात कोणाचा आवाज तीन आठवडे बसलेला असेल तर आजच दाखवा. दुकान बंद ठेवा, ऑर्डर जाऊ द्या.

दादा, चुकलं माझं.
थोडं तुझंही.

माझी आणि वहिनीची तुला श्रद्धांजली.