सगळ्यांना एकच उतारा

शुलामिथबाई अष्टमकर यांच्याइतकी हट्टी बाई मी पनवेलमध्ये दुसरी पाहिली नाही. विमा कंपनीतून आम्ही दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो. त्यांची मुलगी ओर्ली इस्राएलहून बोलावून बोलावून थकली, पण या हलल्या नाहीत. करंजाड्यातल्या एका शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी वाचनवर्ग सुरू केला आणि हजेरी लिहायला मला जुंपलं. शनिवारी त्यांचा शब्बाथ, ज्यूंचा विसाव्याचा वार, त्या दिवशी पेन्सिलीलाही हात लावायच्या नाहीत. बाकीचे दिवस मात्र माझी सुटका नसे.

अनुया दुसरीत असताना आली. वडील काळूराम तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर. त्यांना सहीपुरतीच अक्षरं येत. पोरीला वाचता यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

वर्षअखेरीस बाई परीक्षा घेत. सगळ्यांना एकच उतारा, म्हणजे कुणावर अन्याय नको. पोरं भिंतीला टेकून बसायची आणि एकेकाने उठून वाचायचं. त्या वर्षी अनुयाचा नंबर सतरावा होता. तिने उतारा असा घडाघडा म्हटला की बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी तिला जवळ घेतलं आणि काळूरामला बोलावून सांगितलं, "पोरगी वाचायला लागली हो तुमची!" वर्गात जागा मिळावी म्हणून दुसरी पोरं थांबलेली होती, तेव्हा वर्गाच्या यादीतून तिचं नाव काढलं. काढलं कसलं, मीच खोडलं, आणि खुशीत खोडलं. सोळा जणांचं ऐकून सतराव्या पोरीला तो उतारा पाठ झाला असेल, हे आम्हा दोन म्हाताऱ्यांच्या डोक्यात आलं नाही. आमच्या अकलेची मला अजून चीड येते.

परवा काळूराम अनुयाला घेऊन आले. ती आता चौथीत आहे. नवीन शिक्षकांनी तिच्यापुढे पहिलीचं पुस्तक धरलं, तर तिला एक ओळ लागली नाही.

"दोन वर्सं मास्तर लोक सांगत व्हते, ही वाचत नाय," काळूराम म्हणाले. "मी बोल्लो, येतंय हिला, बाईंनी सोता सांगितलंय. ही नाटकं करते. म्हनून रोज पुस्तक उघडून बसवायचो, आनि गप बसली की मारायचो. तुमच्या शब्दावर मारलं बाई मी तिला."

बाईंनी अनुयाला हळूच विचारलं, "मला का नाही सांगितलंस बाळा?"

ती खाली बघत म्हणाली, "तुमी रडल्या ना तवा, आनंदानी. मंग कसं सांगू?"

आजपासून पुन्हा सुरुवात करू, असं काहीसं बाई पुटपुटल्या. त्यांनी तिला शेजारी बसवलं, चित्रांचं एक पातळसं पुस्तक काढलं आणि पहिलं पान उघडलं.

अनुयाने दोन्ही हात वर करून डोकं झाकून घेतलं.

बाईंनी पुस्तक मिटलं. ती हात खाली घेईपर्यंत आम्ही तिघंही तसेच बसून राहिलो.