दारातला श्वास

दारात आला की चपला काढायच्या आधी तो तोंड उघडून लांब श्वास सोडायचा. "हा…" असा. मग दोन पावलं मागे सरायचा आणि म्हणायचा, "सांगा, आजी."

मी सांगायची, "आज नाही." मग खुंटीवरची गाडीची किल्ली त्याच्या हातात जायची.

तुम्ही दोघा नातवंडांनी त्याला पाहिलं आहे. मागच्या खेपेला नाशिकभर त्यानेच तुम्हाला फिरवलं. "ड्रायव्हरकाका गळ्यात मण्यांची माळ का घालतात?" असं धाकटीने विचारलं होतं, तेव्हा मी विषय बदलला होता, कारण तो समोरच बसला होता. आता सांगते.

तुळशीची माळ घातली की दारू आणि मटण सुटलं, असा आपल्याकडे रिवाज आहे. ती घालणारा देवाला शब्द देतो आणि सगळा गाव त्या शब्दाला साक्षी असतो. तुळशीच्या लाकडाने दारूकडे जाणारा हात थांबतो, असं मात्र मला कुठल्याच शाळेत शिकवलं नव्हतं. शिवाय माळ गळ्यातून काढताही येते.

पहिल्या दिवशी त्याने सगळं स्वतःहून सांगितलं. सातपूरच्या कारखान्यात प्रेस मशीनवर होता, दारूपायी नोकरी गेली. बायको मुलीला घेऊन चांदवडला माहेरी गेली. वस्तीतल्या भजनी मंडळाच्या बुवांनी माळ घातली, तेव्हापासून बंद.

"ही पहिलीच माळ?" मी विचारलं.

"दुसरी. पहिली प्यायच्या वेळेला काढून खिशात ठेवायचो. पिऊन झालं की परत गळ्यात."

इतकं खरं बोलणाऱ्या माणसाचा मला जास्तच संशय येतो. मी म्हटलं, "मग आता मी काय समजायचं?"

"काही समजू नका. रोज वास घ्या आणि मग किल्ली द्या."

म्हणजे श्वासाची अट त्याची. मी फक्त ती नीट लावून धरली. बडीशेप, वेलदोडा, पेपरमिंट खाऊन यायचं नाही, असा नियम केला. तो गाडी पुसत असला की मी त्याची पाण्याची बाटली उघडून हुंगायची. एकदा त्याने ते पाहिलं. "डिकी राहिली, आजी," एवढंच म्हणाला आणि स्वतःच उघडून दाखवली.

एकदा गंगापूर रोडला सिग्नलला थांबलो असताना मी विचारलं, "तुझे बुवा घेतात का असा वास?"

"छे. बुवा बघतात, हसतात, पाठीवर हात ठेवतात. त्यांना फसवणं लय सोपं."

"आणि देव?"

"देवाला तर कितीदा फसवलंय." गाडी सुटली. पुढे बरंच अंतर गेल्यावर म्हणाला, "माळ तिथे देवापुढे लागते, आजी. पण इथे तुम्ही लागता."

त्याच्या बायकोचा मला अधूनमधून फोन यायचा. माझा नंबर तिने कसा मिळवला, कोण जाणे. तिचा प्रश्न एकच. "आजी, खरं सांगा, घेतो का? परत यायचं तर पोरीला घेऊन यायचंय मला. पुन्हा तोच तमाशा नाय बघायचा."

मी तिलाही तेवढंच सांगायची. "आज नाही." उद्याचं मला ठाऊक नव्हतं आणि मी काही बुवा नव्हे.

मग एका सकाळी तो फाटकापाशीच उभा राहिला. श्वास सोडला नाही. शर्टाचं वरचं बटण गळ्याशी लावलेलं. मी चहा पुढे केला तर नको म्हणाला, पाणीही नको म्हणाला. मी अशा माणसांबद्दल पुष्कळ वाचलं आहे. मला वाटलं, संपलं.

"श्वास," मी म्हटलं.

त्याने सोडला. उपाशी तोंडाचा आंबूस वास. आणखी काही होतं की नव्हतं, मला ठरवता येईना. पहिल्यांदाच ठरवता येईना.

"बटण काढ."

गळा मोकळा होता.

"खिशात आहे?"

"आहे. पण काढून नाही ठेवली. तोडली." त्याने रुमाल काढून पायरीवर उघडला. आत मातीने माखलेले मणी. "काल मेव्हण्याचा फोन आला. बायको येत नाही, दुसरं बघ म्हणाला. मी सरळ दारूच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिलो. काढून खिशात ठेवली असती तर पुन्हा घातली असती, हे मला माहीत होतं. म्हणून ओढून तोडली. एकदाचा कारभार आटपू, म्हटलं."

"मग?"

"मणी सांडले ना, आजी. तिथला एकजण ओरडला, पाय देऊ नका रे, तुळस हाय. बाकावरचे सगळे खाली बसले. ज्यांना उभं राहता येत नव्हतं तेसुद्धा वेचायला लागले. माझ्या दोन्ही मुठी भरल्या. आता ग्लास धरायचा कशात?"

इतकी सुंदर गोष्ट मला खरी वाटत नाही. मी चष्मा लावला, मणी उचलून हुंगले. दारूचा वास होता. मण्यांना.

"त्या जमिनीवर सगळंच सांडतं," तो म्हणाला. "माळ तुटली की ओवून घालेपर्यंत खायचं-प्यायचं नसतं. बुवा गावाला गेलेत. आज किल्ली तुम्हीच ठेवा. मोकळ्या गळ्याचा माझा मलाच भरवसा नाही."

तेवढ्यात फोन वाजला. त्याची बायको. भावाने परस्पर काहीतरी कळवलंय, ते तिला नुकतंच समजलं होतं. रडवेल्या आवाजात तिने तोच प्रश्न विचारला. तो माझ्याकडे बघत नव्हता, मण्यांकडे बघत होता. मी पुन्हा एकदा त्याच्या तोंडाजवळ गेले, वास घेतला आणि फोनमध्ये म्हटलं, "आज नाही." काल घेतली का, हे तिने विचारलं नाही. मीही त्याला विचारलं नाही.

मग मणी धुवायला लावले. बुवा नसतील तर मी ओवते, म्हटलं. घरातला दोरा कच्चा निघाला. तुम्ही बाथरूममध्ये विसरून गेलेला दात साफ करायचा तो मेणाचा दोरा आठवला. त्यात माळ ओवली आणि एकावर एक गाठी मारल्या.

"आता तोडून दाखव."

त्याने ओढून पाहिली. तुटली नाही. तेव्हा कुठे तो पाणी प्यायला.

पुढे बायकोनेच त्याला चांदवडला बोलावून घेतलं. आता तो तिथे कांद्याची पिकअप चालवतो. माझ्याकडे नवा ड्रायव्हर आहे. निर्व्यसनी, शिकलेला. तो दारात आला की मी अजून क्षणभर थांबते आणि त्याला वाटतं, म्हातारीला नीट दिसत नाही.

चांदवडहून कधीमधी फोन येतो. आधी कानात नुसता लांब श्वास येतो. "हा…" मग, "सांगा, आजी."

फोनमधून वास येत नाही, हे त्याला माहीत आहे आणि मलाही. दारात थांबायची तेवढीच मी थांबते. मग सांगते, "आज नाही."